मुका माज

सप्टेंबरात आलुबुखार उतरवताना सावेता शिडीवरून पडली आणि तिच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. शिडी धड होती, फांदीच कुजकी निघाली. टोपली एकीकडे, सावेता एकीकडे, आणि ओल्या गवतात निळी फळं पसरलेली. नवरा इलारी धावत आला तेव्हा ती पांढरीफटक पडली होती, पण तोंडातून पहिले शब्द निघाले ते असे, "दुमानाची धार राहिलीय."

"राहू दे दुमाना. पाय हलतो का?"

"नाही हलत. तू धार काढ. आणि बाटली भर. आज बाटलीचा दिवस आहे."

तासाभरात शहरातल्या इस्पितळाची गाडी आली आणि तिला घेऊन गेली. इलारी अंगणात उभा राहिला. गोठ्यातून दुमाना एकदा हंबरली आणि गप्प झाली.

इलारी अठ्ठावन्न वर्षांचा. सामुदायिक शेती होती तेव्हा सव्वीस वर्षं त्यानं तिथला ट्रॅक्टर चालवला. त्याच्या हातांना गिअर कळायचे, नट-बोल्ट कळायचे. गोठा मात्र सावेताचा. तिथं तो वैरण टाकायला जायचा तेवढाच, तोही दारातून.

आमच्या डोंगरपायथ्याच्या गावांत एके काळी घरटी दोन-दोन म्हशी असायच्या. उन्हाळ्यात तळ्यात नुसती शिंगं दिसायची. त्या वर्षी साऱ्या गावात नऊ उरल्या होत्या आणि रेडा एकही नव्हता. शेवटचा रेडा आदल्या वर्षी खाटकाकडे गेला. रेडा गेला आणि म्हशी रिकाम्या राहू लागल्या, कारण गाय माजावर आली की गल्ली जागी करते. म्हैस तसं काही करत नाही. ती घासभर कमी खाते, शेपटी जराशी बाजूला धरते, आणि एका दिवसात सगळं आटोपून पुन्हा रवंथ करायला लागते. रेड्याला ते कळायचं. माणसाला कळेपर्यंत वेळ निघून जायची.

याच मुक्या माजावर ओतिलिया नावाच्या डॉक्टरीणबाई संशोधन करत होत्या. टेकडीपलीकडच्या म्हैस संशोधन केंद्रात त्या नोकरीला. पस्तिशीच्या, काटकुळ्या, पायांत कायम गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यांचं म्हणणं असं की म्हैस तोंडानं सांगत नाही ते दुधातून सांगते. दुधात एक द्रव्य असतं, ते उतरलं की माज जवळ आला. तीन गावांतल्या बारा म्हशी त्यांनी निवडल्या होत्या. प्रत्येकीचं एक दिवसाआड सकाळचं दूध, बोटभर बाटलीत, वर तारीख. बाटल्या केंद्रात जायच्या, आकडा निघायचा, आणि योग्य दिवशी बाई गोठवलेलं रेत घेऊन यायच्या. वरिष्ठांनी त्यांना ख्रिसमसपर्यंत मुदत दिली होती. "मग पुढं गाईंवर काम करा, असं म्हणालेत," असं त्यांनी सावेताला सांगितलं होतं.

बारांतली एक दुमाना. रविवारी जन्मली म्हणून दुमाना; आमच्याकडे रविवारच्या म्हशीला हेच नाव ठेवतात. व्याल्याला दीड वर्ष झालेलं, दूध आटत आलेलं. दूध आटलं की बाटली नाही, आणि बाटली नाही तर रेतनाचा दिवस कळायचा नाही. रिकामी म्हैस हिवाळाभर पोसायला वैरण कुणाकडे होती? गुरांचा व्यापारी दोनदा दारात येऊन गेला होता.

तर इलारी बादली घेऊन आत गेला. तिपाईवर बसला. दुमानानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे पाय उचलून बादली भिंतीवर उडवली. त्यानं बादली आणली. तिनं पुन्हा उडवली. तिसऱ्या वेळी शिंगाचं टोक त्याच्या बरगडीला लागलं, फार जोरात नाही, समज दिल्यासारखं. सडातून थेंब निघाला नाही. कास दगडासारखी तटली होती, पण पान्हा तिनं वर चढवून धरला होता.

समोरच्या घरातल्या लिओन्तिनाकाकू येऊन बघून गेल्या. त्यांनीही हात लावून पाहिला. म्हशीनं त्यांनाही उभं केलं नाही.

"तिला सावेताच पाहिजे," लिओन्तिनाकाकू म्हणाल्या.

"सावेता सहा आठवडे येत नाही."

"मग अवघड आहे."

बाटली रिकामी होती. वर सावेताच्या अक्षरात तारीख लिहिलेली होती. उद्या केंद्राची गाडी येणार होती. इलारीला इस्पितळात पडलेल्या बायकोचा पहिला निरोप मोडायचा नव्हता. तो रस्ता ओलांडून गेला आणि म्हणाला, "काकू, कॉफीत घालायला जरा दूध द्या."

लिओन्तिनाकाकूंनी आपल्या गाईचं कपभर दूध दिलं. दोन दिवसांनी तो पुन्हा गेला.

"कॉफी बरीच प्यायला लागलास," त्या म्हणाल्या.

"झोप येत नाही."

"झोप येत नाही म्हणून कॉफी पितोस?"

तो कप घेऊन निघाला. घरी जाऊन त्यानं दुसरी बाटली भरली.

चौथ्या दिवशी दुपारी केंद्राची गाडी स्वतः चालवत डॉक्टरीणबाई आल्या. हातात कागद होता. आधी त्यांनी सावेताची चौकशी केली, मग खाटेसारख्या लांब बाकावर बसल्या.

"इलारीकाका, मला एक समजावून सांगा. आधीच्या बाटल्यांत दुमानाचा आकडा खाली खाली येत होता. म्हणजे ती रिकामी, माजाच्या तोंडाशी. आणि पुढच्या बाटलीत आकडा एकदम वर, गाभण जनावरासारखा. दोन दिवसांत ती गाभण कशी राहिली? गावात रेडाही नाही."

इलारीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"शिवाय म्हशीचं दूध पांढरं असतं," बाई म्हणाल्या. "हे पिवळं आहे."

"लिओन्तिनाकाकूंची गाय," इलारी म्हणाला. "सात महिन्यांची गाभण आहे."

बाईंनी कागदाची घडी घातली. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या दमलेल्या दिसल्या. "त्या दोन दिवसांत दुमाना माजावर येऊन गेली असणार," त्या म्हणाल्या. "आता पुढचे एकवीस दिवस थांबायचं. त्यातही आपल्याला बाटल्या पाहिजेत. खऱ्या. नाहीतर अकरा म्हशींच्या खऱ्या आकड्यांत एक खोटा बसला, तर मी सगळ्यांचंच काय करू?"

"ती मला जवळ येऊ देत नाही."

"मग सावेताकाकूंना विचारा. मला नाही, त्यांना."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं इलारी शहरात गेला. सहा बायकांच्या खोलीत सावेता खिडकीजवळ होती. पाय वर टांगलेला, त्याला वजनं लावलेली. त्यानं पिशवीतून आलुबुखार काढून ठेवले आणि सगळं सांगून टाकलं, गाईच्या दुधासकट.

सावेता हसली नाही. "पाच दिवस तिची कास तटलेली?"

"थोडं आपोआप गळतं."

"थोडं गळतं म्हणे. सड सुजले तर?" ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझे कपडे घाल."

"काय?"

"काळा घागरा, निळा ॲप्रन, डोक्याला रुमाल. दाराआडच्या खुंटीवर आहेत ते. कपाटातले धुतलेले घेऊ नकोस. वास पाहिजे."

"मी? घागरा?"

बाजूच्या खाटेवरची बाई उशीत तोंड खुपसून हसू लागली. मग दुसरी. कोपऱ्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली एक होती, ती कळवळून म्हणाली, "हसवू नका गं, माझे टाके तुटतील."

"आणि बोलायचं," सावेता म्हणाली. "गप्प बसून धार काढलीस तर ती द्यायची नाही."

"म्हशीशी काय बोलू?"

"काहीही. मी तुझ्या कागाळ्या सांगते."

"लग्नाची तीस वर्षं?"

"ही आठ वर्षांची आहे. आधी हिच्या आईला सांगायचे."

टाक्यांवाल्या बाईनं नर्सला हाक मारली.

संध्याकाळी इलारीनं दाराला कडी लावून घागरा चढवला. सावेता अंगानं भरलेली, त्यामुळे कंबरेला तो ढगळ झाला; सुतळीनं बांधला. ॲप्रनला राख, कांदा आणि म्हशीचा वास होता. रुमाल हनुवटीखाली बांधला, तर मिशी बाहेर राहिली. आरशात त्यानं पाहिलं नाही. अंगण ओलांडताना घागऱ्यात पाय अडकून तो एकदा धडपडला.

दुमानानं मान वळवली. नाक पुढं करून ॲप्रन हुंगला. वर मिशीकडे पाहिलं. पुन्हा ॲप्रन हुंगला. मग पुढं बघून उभी राहिली.

तो तिपाईवर बसला. गरम पाण्यानं कास धुतली. "मी आहे," तो म्हणाला. त्यापुढं काय बोलायचं ते सुचेना. म्हणून तो ट्रॅक्टरबद्दल बोलला, क्लच कसा घासला गेला होता ते. मग फांदीबद्दल बोलला. ती फांदी वसंतातच कापायला हवी होती, सावेतानं दोनदा सांगितलं होतं, मी उद्या उद्या म्हणत राहिलो. सावेता गवतात पडलेली पाहिली तेव्हा मला वाटलं, गेली. फक्त पायच मोडलाय कळल्यावर मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. हे मी तिला सांगितलेलं नाही.

दुमानाचा डावा कान मागं वळला. तिनं लांब उसासा सोडला, आणि त्याच्या मुठीत सड भरून आला. पहिली धार बादलीच्या तळावर वाजली. तो ऐकतच राहिला. मग दुसरी. त्याला नीट पिळता येत नव्हतं, निम्मं दूध बाहीत गेलं, पण तिनं पाय उचलला नाही. सडांत गाठ नव्हती, सूज नव्हती. दूध पांढरंशुभ्र होतं.

गुपित दोन दिवस टिकलं. तिसऱ्या सकाळी लिओन्तिनाकाकू दुधाचा कप घेऊनच दारात आल्या, आणि इलारी तसाच गोठ्यातून बाहेर पडला. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली.

"सावेताबाई," काकू म्हणाल्या, "मिशी चांगली दिसते तुम्हाला."

त्यानंतर गावात त्याला त्याच नावानं हाका सुरू झाल्या. गुत्त्यात आत शिरला की कुणीतरी उठून बाईला जागा द्यायचा. एकानं नाचायला विचारलं. इलारी सुरुवातीला चिडला, नंतर चिडेनासा झाला, कारण रोज सकाळी बादलीत दूध थोडं वाढत होतं. बोटं सुजायची, मनगटं रात्रीपर्यंत ठणकायची, आणि बाटल्या नियमानं जात होत्या. बाईंनी त्याला एक वही दिली होती. म्हशीत काही वेगळं दिसलं की लिहायचं. तो शाळेत होता तेव्हापासून त्यानं इतकं लिहिलं नव्हतं. 'पाणी कमी प्याली.' 'आज पाऊस, दाराकडे बघत होती.' 'मक्याचे धांडे आवडले नाहीत.'

ऑक्टोबरात धुकं खाली उतरलं. आकडा पुन्हा घसरू लागला. शनिवारी त्यानं वहीत लिहिलं, 'आज मी बोलतो ते ऐकत नाही.' संध्याकाळी केंद्रातून फोन आला.

"काका, आकडा तळाला गेला. तुम्हाला काही दिसलं?"

त्यानं वही वाचून दाखवली.

"ऐकत नाही म्हणजे?"

"रोज कान मागं वळवते. आज वळवला नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच आहे."

"हे कुठल्या पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या. "पण लिहून ठेवा. उद्या सकाळी येते."

उद्या रविवार होता. जनावर अडकवून धरायचा लाकडी खोडा चर्चच्या वाटेवर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. बाई आल्या तेव्हा प्रार्थना चालू होती, आणि इलारीला आशा होती की लोक बाहेर पडायच्या आत काम आटपेल. पण दुमाना खोड्यात शिरायला तयार नव्हती. तिला पुढं न्यायला घागराच लागला. तो पुढं चालत बोलत राहिला आणि ती त्याच्यामागं आत गेली. तेवढ्यात घंटा वाजली आणि सगळा गाव रविवारच्या कपड्यांत बाहेर आला.

कुणी घरी गेलं नाही. कुंपणाला टेकून सगळे उभे राहिले. बाईंनी रेताच्या डब्याचं झाकण काढलं, आतून पांढरी गार वाफ बाहेर सांडली. पोरांच्या आया मागं सरकल्या. बारीक नळी गरम पाण्यात धरून बाई घड्याळ बघत होत्या. खांद्यापर्यंत हातमोजा, गाल म्हशीच्या पुठ्ठ्याला टेकलेला. "काका, तिच्याशी बोलत राहा."

"काय बोलू, सगळे ऐकतायत."

"ऐकू देत."

इलारीनं तिच्या कपाळावर हात ठेवला. भल्या मोठ्या आवाजात, साऱ्या गावासमोर, त्यानं म्हशीला सांगायला सुरुवात केली की घराचं छप्पर गळतंय, भोपळे चांगले आलेत, सावेताला आता उशीला टेकून बसता येतं, गुरुवारी तिनं स्वतःच्या हातानं मक्याच्या पिठाचा मामालिगा खाल्ला आणि इस्पितळाचा मामालिगा म्हणजे भिंतीला लावायचा गिलावा आहे असं म्हणाली. लोक हसत होते. म्हैस उभी होती.

"झालं," बाई म्हणाल्या.

पाद्रीबाबा कुंपणाजवळ आले. त्यांनी इलारीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इलारी, रविवारी तरी धुतलेला ॲप्रन घालायचा."

"धुतलेला चालत नाही, बाबा."

पाद्रीबाबांनी मान हलवली आणि म्हशीच्या दिशेनं घाईघाईत क्रूसाची खूण केली. "वाया तर जाणार नाही," ते म्हणाले.

मग वाट पाहणं. एकोणीस दिवस, एकवीस, तेवीस. या दिवसांत आकडा पडला तर सगळं फुकट. इलारी बाटली भरताना श्वास रोखून धरायचा. चोविसाव्या दिवशी केंद्राची गाडी अंगणात शिरली. बाईंनी इंजिन बंद न करताच काच खाली केली.

"काका, खरं सांगा. हे दूध कुणाचं?"

"देवाशपथ दुमानाचं."

"मग ती गाभण आहे."

तो गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "बारांतल्या सात राहिल्या. सात. गेल्या वर्षी मी डोळ्यांनी बघून दिवस ठरवले तेव्हा दोन राहिल्या होत्या." इंजिन तसंच धडधडत होतं. दोघांच्याही ते लक्षात नव्हतं.

नोव्हेंबरात सावेता कुबड्यांवर घरी आली. उंबऱ्यातून आत न जाता आधी गोठ्यात गेली. दुमानानं तिला ओळखलं, हात चाटला, मान तिच्या खांद्यावर घासली. सावेताला तिपाईवर बसता येत नव्हतं, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि इलारी धारेला बसला. त्या दिवशी तो घाईत पँटवरच आला होता. त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्यानं कास धुतली, दोन शब्द बोलला, आणि पान्हा आला.

सावेता बराच वेळ बघत राहिली.

"घागऱ्याशिवाय देते?" ती म्हणाली.

त्याचे हात थांबले. "देते वाटतं."

"केव्हापासून?"

"आजच."

सावेताचा चेहरा असा झाला की इलारीला काय करावं सुचेना. आठ वर्षं जे तिचं एकटीचं होतं, ते निम्मं झालं होतं. ती रागावून बाहेर जाईल असं त्याला वाटलं. पण कुबडीवर वजन टाकून ती पुढं आली, एक हात म्हशीच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "माझ्याबद्दल काय काय सांगितलंस तिला?"

"फांदी कापायला हवी होती असं सांगितलं."

"आणखी?"

इलारीनं आणखीही सांगितलं. धार काढता काढता, म्हशीकडे तोंड करून सांगितलं. तसं त्याला सोपं जात होतं. सावेता ऐकत होती. बादली भरायच्या जरा आधी तिनं बाहीच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाली, "सड असे ओढू नकोस. अंगठा वर घे."

ऑगस्टमध्ये गवताच्या दुसऱ्या कापणीच्या दिवसांत दुमाना अस्वस्थ झाली. सकाळी दहाच्या सुमारास पाणमोट फुटली. पुढचे दोन खूर दिसले, नाक दिसलं, आणि मग काहीच पुढं सरकेना. सावेता काठी टेकत शेजारी उभी राहून सांगत होती, इलारी शर्ट काढून गुडघ्यांवर बसला होता. कोपरापर्यंत चिकट, घाम डोळ्यांत. "ती कळ देईल तेव्हाच ओढ. आता थांब. थांब म्हणते ना. आता." त्यानं पाय भिंतीला लावून खाली ओढलं. खांदे आले. मग सगळं एकदम सुटलं, आणि इलारी काळ्या, ओल्या, गरम ओझ्यासकट गवतावर आडवा झाला.

पारडी होती. तिनं शिंक दिली. दुमाना वळली आणि चाटायला लागली. आधी पारडीला, मग चुकून इलारीच्या कानाला.

डॉक्टरीणबाई पोचल्या तेव्हा पारडी चार पायांवर उभी राहून सड सोडून सगळीकडे तोंड लावत होती. सात म्हशींतली ही पहिली व्याली होती. बाई दारातच थांबल्या. वही उघडायची विसरून त्यांनी पारडीच्या ओल्या पाठीवर हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग नाक पुसून कामाला लागल्या.

"वजन पाहिजे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसाचं. प्रत्येकीचं लिहायचंय."

लिओन्तिनाकाकूंकडे धान्याच्या पोत्यांचा वजनकाटा होता. तो अंगणात आणून मांडला. पारडी एकटी काट्यावर उभी राहीना, चारी पाय चार दिशांना जायचे. शेवटी असं ठरलं की इलारीनं तिला उचलून काट्यावर चढायचं आणि नंतर त्याचं एकट्याचं वजन वजा करायचं. बाईंनी त्याला बूट काढायला लावले. तो अनवाणी, उघड्या अंगानं, पारडीला छातीशी धरून चढला. सावेता वाकून काट्याशी आकडा वाचायला बसली. लिओन्तिनाकाकू कुंपणाशी, दुमाना गोठ्याच्या दारात मान बाहेर काढून.

पारडी त्याच्या पोटावर मुतली.

गरम धार पँटमधून पायावर उतरली. इलारी हसायला लागला. आवाज न करता, पोटातून, खांदे हलवत. काटा पुढं-मागं डुलू लागला.

"इलारी, हसू नकोस," सावेता म्हणाली. "काटा थांबत नाही."

"नाही हसत."

"हसतोयस."

बाई पेन्सिल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून दुसरीकडे बघायला लागल्या. पारडीनं त्याच्या मिशीत तोंड खुपसून चोखायला सुरुवात केली. काटा काही केल्या थांबेना. सावेताही आता जमिनीवर बसून, काठी बाजूला टाकून हसत होती, आणि कुणालाच कसली घाई नव्हती.